ताई-ची: बुजुर्गांचा तोल सांभाळणारी संथ कसरत – ओळख, विचार, सराव आणि फायदे



जुम्याच्या दिवशी आपल्या मशिदीतल्या मागच्या सफकडे एकदा नजर टाका. पूर्वी कोपऱ्यात एखाद-दुसरी खुर्ची असायची. आता खुर्च्यांची रांगच लागते. गुडघा वाकत नाही, कंबर साथ देत नाही, सजद्यातून उठताना तोल जातो, अशी एकेकाची अडचण असते. घरात अम्मींचीही तीच गत. वुजूच्या जागी पाय घसरला, मोरीच्या उंबरठ्याला अंगठा अडकला, रात्री लाईट गेली आणि अंधारात भिंत सापडली नाही. एक क्षण पुरतो. खुब्याचे हाड मोडले की ऑपरेशन, महिनोन्‌महिने खाट, आणि चालता-फिरता माणूस परावलंबी होतो. खर्चाचे तर विचारूच नका.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पडल्यामुळे जगात दरवर्षी सुमारे 6 लाख 84 हजार माणसे मरतात आणि त्यांत साठीच्या पुढचे सर्वांत जास्त. आपण मात्र 'वय झालं, पडणारच' म्हणून सोडून देतो. ते खरे नाही. तोल हीसुद्धा एक ताकद आहे. ती सरावाने टिकते, काही प्रमाणात परतही येते. त्यासाठी जगात ज्या कसरतींचा सर्वांत जास्त अभ्यास झाला, त्यांपैकी एक म्हणजे चीनची ताई-ची. तिचे नाव आपल्याकडे मोबाईलच्या व्हिडिओंमुळे पोहोचले, पण नीट माहिती पोहोचलेली नाही. शिवाय 'हे आपल्या दीनमध्ये चालतं का?' हा प्रश्न अनेक जण दबक्या आवाजात विचारतात. म्हणून ही सगळी माहिती आम्ही एका ठिकाणी मांडत आहोत.

ताई-ची म्हणजे नेमके काय?

पूर्ण नाव 'ताई-ची च्वान'. आजच्या चिनी उच्चाराप्रमाणे 'ताय-जी-च्वान'. 'ताई-ची' म्हणजे परम टोक, सर्वोच्च सीमा. 'च्वान' म्हणजे मूठ, म्हणजेच हातांनी लढण्याची विद्या. ही मुळात लढाईची कला आहे हे नावातच आले.

इथे एक गैरसमज दूर करू. श्वास किंवा प्राणशक्ती या अर्थाचा चिनी शब्दही आपल्या कानाला 'ची' असाच ऐकू येतो. त्यामुळे ताई-ची म्हणजे 'शक्तीची विद्या' असे अनेक ठिकाणी छापून येते. पण ते दोन वेगळे शब्द आहेत आणि चिनी लिपीत त्यांची अक्षरेही वेगळी आहेत.

बघणाऱ्याला ताई-ची कशी दिसते? माणूस गुडघे जरा सैल सोडून उभा असतो. एका पायावरचे वजन हळूहळू दुसऱ्या पायावर नेतो. कंबर वळते, तिच्यामागून हात वळतात. कुठे झटका नाही, कुठे थांबा नाही. पाण्यात चालल्यासारखे वाटते. अशा ठरावीक हालचालींची एक साखळी असते. सर्वांत जास्त शिकवली जाणारी साखळी 24 हालचालींची. चीनच्या सरकारी क्रीडा विभागाने ती 1956 मध्ये सामान्य लोकांसाठी सोपी करून बसवली. ती पूर्ण करायला पाच-सहा मिनिटे लागतात.

उगम आणि घराणी

वूडांग डोंगरावरच्या चँग सानफेंग नावाच्या साधूने साप आणि पक्ष्याची झुंज पाहून ही कला शोधली, अशी एक दंतकथा आहे. तिला इतिहासाचा आधार नाही. इतिहास आपल्याला हनान प्रांतातल्या चेनजियागोऊ या खेड्यात नेतो. तिथे सतराव्या शतकात चेन वांगतिंग या लष्करी माणसाने आपल्या कुटुंबात ही कसरत सुरू केली, असे मानले जाते. पुढे चेन घराण्यातल्या चेन चँगशिंग यांनी बाहेरच्या एका शागिर्दाला शिकवले. त्याचे नाव यांग लूचान (1799–1872), राहणारा हबेई प्रांताचा. त्याने ही विद्या बीजिंगला नेली, आणि त्याचा नातू यांग चँगफू (1883–1936) याने ती अधिक संथ, सोपी आणि सर्वांना जमेल अशी केली. आज जगात सर्वांत जास्त याच यांग घराण्याची ताई-ची चालते.

संगीतात जशी घराणी, तशी इथे पाच मुख्य घराणी आहेत: चेन, यांग, दोन वेगवेगळी 'वू' घराणी आणि सुन. चेन घराण्यात मध्येच जोराचे झटके येतात. सुन घराण्यात पावले लहान आणि शरीर जरा उंच राहते, म्हणून गुडघेदुखीवाल्यांना ते सोपे जाते. ऑस्ट्रेलियातले डॉक्टर पॉल लॅम यांनी 1997 मध्ये संधिवाताच्या रुग्णांसाठी जो छोटा कार्यक्रम तयार केला, तो मुख्यतः याच घराण्यावर आधारलेला आहे. डिसेंबर 2020 मध्ये युनेस्कोने ताई-चीला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले.

हबेई हे नाव आपल्यालाही अगदी परके नाही. सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये चीनला गेले, जखमी सैनिकांची सेवा करता करता 1942 मध्ये तिथेच वारले. त्यांचे स्मारक याच प्रांतात आहे.

चीनचे मुसलमान आणि ही विद्या

आपल्या वाचकांना हा भाग सर्वांत नवा वाटेल. चीनमध्ये हुई नावाचा मुस्लिम समाज आहे, लोकसंख्या एक कोटीहून अधिक. बोली चिनी, दीन इस्लाम. चीनच्या लढाऊ कसरतींमध्ये या समाजाचा वाटा फार मोठा आहे. 'चा-च्वान' ही कला हुईंचीच म्हणून ओळखली जाते. ज्या हनान प्रांतात ताई-ची जन्मली, त्याच प्रांतात 'शिनयी लिऊहे' ही दुसरी कला हुई मुसलमानांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली.

यांतले सर्वांत मोठे नाव वांग झीपिंग (1881–1973). हबेई प्रांतातल्या चांगझोऊचे, पक्के हुई मुसलमान. 1928 मध्ये नानजिंगला राष्ट्रीय पातळीवरची लढाऊ कलांची संस्था निघाली, तेव्हा तिच्या शाओलिन विभागाचे ते प्रमुख होते. विशेष म्हणजे ते हाडे बसवणारे वैद्यही होते. आपल्याकडे तालमीतला वस्ताद हाड बसवून द्यायचा, तसेच समजा. उतारवयात त्यांनी आजार टाळण्यासाठी आणि शरीर चालते ठेवण्यासाठी वीस सोप्या कसरतींचा संच लिहून काढला. त्यांची मुलगी वांग ज्यूरोंग हीसुद्धा या कलांची नामवंत शिक्षिका झाली. एका मुसलमान बापाने आपल्या लेकीला ही विद्या दिली आणि लेकीने ती जगभर शिकवली, ही गोष्ट आपल्या घरांतल्या मुलींना जरूर सांगावी.

दुसरे नाव चँग तुंग-शेंग (1908–1986). बाओदिंग गावचे हुई, चिनी कुस्तीचे पहिलवान. पुढे तैवानला गेले, तिथे पोलिसांना शिकवले आणि कुस्तीच्या डावांची सांगड घालून ताई-चीची स्वतःची पद्धत बसवली. तेव्हा ही कसरत मुसलमानांना अनोळखी आहे, असे म्हणता येत नाही.

यामागचा विचार

ताई-चीचा विचार चीनच्या दाओ परंपरेतून आणि कन्फ्यूशियसच्या पंथातल्या नंतरच्या विचारवंतांकडून आला. त्याचे मुख्य मुद्दे साध्या भाषेत असे.

पहिला, यिन आणि यांग. प्रत्येक गोष्टीला दोन बाजू असतात: रात्र-दिवस, मऊ-कठीण, रिकामे-भरलेले. काळ्या-पांढऱ्या माशांसारखे ते गोल चिन्ह तुम्ही पाहिले असेल, ते यांचेच. कसरतीत याचा अर्थ अगदी व्यवहारी आहे. ज्या पायावर वजन आहे तो 'भरलेला', ज्यावर नाही तो 'रिकामा'. पाऊल नेहमी रिकामेच उचलायचे. आपले बुजुर्ग पडतात ते नेमके इथे: दोन्ही पायांवर वजन असतानाच पाऊल उचलायला जातात.

दुसरा, मऊपणाने जोराला उत्तर. समोरचा ढकलतो तेव्हा उलटे ढकलायचे नाही, त्याचाच जोर वळवून त्याला पुढे जाऊ द्यायचे. हे कुस्ती पाहणाऱ्याला वेगळे सांगायला नको. धोबीपछाड मारणारा पहिलवान समोरच्याचाच जोर वापरतो.

तिसरा, जबरदस्ती न करणे. शरीर जेवढे देईल तेवढेच घ्यायचे. सत्तर टक्के ताकद लावा, तीस टक्के शिल्लक ठेवा, असे अनेक शिक्षक सांगतात.

चौथा, लक्ष एका ठिकाणी ठेवणे. हात चालतोय आणि मन बाजारात, असे करायचे नाही.

दीनच्या दृष्टीने प्रश्न

आम्ही आलिम नाही, फतवा देणे आमचे काम नाही. पण विचार करताना उपयोगी पडतील अशा काही गोष्टी मांडतो.

शरीर ही अल्लाहची अमानत आहे, यावर दुमत नाही. ताकदवान मोमिनची फजीलत सांगणारी हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. हुजूर (स.) यांनी हजरत आयेशा (रजि.) यांच्याबरोबर धावण्याची शर्यत लावल्याचे अबू दाऊदमध्ये येते. तेव्हा कसरतीला विरोध नाही. प्रश्न आहे तो तिच्यासोबत येणाऱ्या अकीद्याचा.

योगाच्या बाबतीत हाच प्रश्न इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेपुढे आला होता. जानेवारी 2009 मध्ये त्यांनी फरक केला: मंत्रपठण आणि दुसऱ्या धर्माची उपासना असलेला योग हराम, निव्वळ शारीरिक कसरत म्हणून केला तर हरकत नाही. तोच फरक इथे लावून बघता येतो. ताई-चीच्या हालचालींत मंत्र नाही, मूर्ती नाही, कुणाचे नाव घ्यायचे नाही. वजन बदलणे, कंबर वळवणे, हात हलवणे एवढेच. विश्वाची उत्पत्ती यिन-यांगमधून झाली वगैरे भाग हा चिनी तत्त्वज्ञानाचा आहे. तो माहिती म्हणून वाचावा, तौहीद मानणाऱ्याने तो अकीदा म्हणून घेण्याचे कारण नाही. तो न घेताही कसरतीचा फायदा तसूभर कमी होत नाही.

वर्गाच्या सुरुवातीला एका हाताची मूठ दुसऱ्या हाताच्या पंजाला लावून सलाम करतात. ती भेटीची पद्धत आहे, उपासना नाही. मात्र कुठे एखाद्या तसबिरीपुढे झुकायला सांगितले, उदबत्ती लावायला सांगितली, तर नम्रपणे नकार द्यावा. शिक्षक समजदार असेल तर ऐकतो. नाही ऐकले तर वर्ग बदलावा. शंका राहिली तर आपल्या भागातल्या मुफ्ती साहेबांना प्रत्यक्ष हालचाली दाखवूनच विचारावे. नुसते नाव सांगून विचारले की उत्तरही अंदाजानेच मिळते.

आणखी एक. काही लोक नमाजला 'आपली एक्सरसाइज' म्हणतात. नमाज इबादत आहे, कसरत नाही. तिचा शारीरिक फायदा होतो तो वरकड. पण रुकू, कौमा, सजदा, जलसा हे अर्कान इतमिनानने अदा करायला शरीर साथ देणारे हवे. आमच्या मते ताई-चीचा आपल्या बुजुर्गांना खरा उपयोग इथेच आहे.

फायदे: अभ्यास काय सांगतात?

ताई-चीबद्दल बाजारात वाट्टेल ते दावे केले जातात. म्हणून मोजक्या, नामांकित वैद्यकीय नियतकालिकांत छापलेल्या अभ्यासांपुरतेच आम्ही बोलतो.

*पडणे कमी होते.* अमेरिकेतल्या अटलांटा शहरात सत्तरीच्या पुढच्या 200 लोकांवर अभ्यास झाला, तो 1996 मध्ये प्रसिद्ध झाला. 15 आठवडे ताई-ची केलेल्या गटात वारंवार पडण्याचा धोका जवळपास निम्म्यावर आला. 2018 मध्ये ओरेगनमधल्या 670 वृद्धांचा अभ्यास आला. त्यात तोल सुधारण्यासाठी खास बसवलेली ताई-ची करणारा गट नुसते स्ट्रेचिंग करणाऱ्या गटाच्या तुलनेत 58 टक्के कमी वेळा पडला.

*गुडघेदुखी.* बोस्टनमध्ये गुडघ्याची झीज झालेल्या 204 रुग्णांना दोन गटांत वाटले. एका गटाला ताई-ची, दुसऱ्याला नेहमीची फिजिओथेरपी. 12 आठवड्यांनी दोन्ही गटांचे दुखणे सारखेच कमी झाले. हा अभ्यास 2016 चा. याचा अर्थ ताई-ची जादू आहे असा नाही. ती फिजिओथेरपीच्या तोडीची ठरली, आणि घरी बिनखर्चात करता येते, एवढाच.

*पार्किन्सन.* हात थरथरणे, पाय अडखळणे अशा या आजाराच्या 195 रुग्णांनी आठवड्यातून दोनदा एक तास, असे 24 आठवडे केले. ताई-ची गटाचा तोल बाकी दोन्ही गटांपेक्षा चांगला सुधारला. हा अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला.

*रक्तदाब.* बीजिंगमध्ये बीपी नुकताच वाढू लागलेल्या 342 लोकांचा वर्षभराचा अभ्यास 2024 मध्ये आला. ताई-ची करणाऱ्यांचा वरचा बीपी सरासरी 7 अंकांनी उतरला, तर जोराने चालणे, सायकल अशा कसरती करणाऱ्यांचा साडेचारच्या आसपास.

आणि काय होत नाही? ताई-चीने शुगर बरी होत नाही, कॅन्सर जात नाही, पूर्ण झिजलेली गादी परत येत नाही. बीपीची, शुगरची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करू नये. हात न लावता समोरच्याला उडवून लावणाऱ्या 'उस्तादांचे' व्हिडिओही खरे मानू नका. 2017 मध्ये चीनमध्येच एका आधुनिक लढवय्याने अशाच एका ताई-ची गुरूला काही सेकंदांत खाली पाडले होते आणि त्यावरून तिकडे मोठी चर्चा झाली.

'आमचा माणूस दिवसभर राबतो, त्याला कसरत कशाला?'

बीड जिल्ह्यात हा प्रश्न येणारच. इथली हजारो कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीला जातात. बाकीचे शेतात, हमालीत, वीटभट्टीवर, शिलाई मशीनवर असतात. पण राबणे आणि कसरत यांत फरक आहे. कोयता चालवताना कंबर तासन्‌तास वाकलेली, जोर एकाच हातावर, मोळी एकाच खांद्यावर. शिलाई मशीनवर मान खाली, पाठ गोल. तेच स्नायू थकतात, बाकीचे तसेच राहतात. ताई-ची याच्या उलट आहे: पाठ सरळ, दोन्ही बाजू सारख्या, गती संथ. आणि वय झाल्यावर काम सुटते, माणूस एकदम खाटेवर बसतो, तेव्हा पाय झपाट्याने कमजोर होतात. जागतिक आरोग्य संघटना 65 च्या पुढच्यांना आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणाऱ्या कसरती करायला सांगते, ती याचसाठी.

शिकायचे कसे?

उत्तम मार्ग म्हणजे जाणता शिक्षक. महाराष्ट्रात 'वुशू' हा चिनी लढाऊ खेळ शालेय क्रीडा स्पर्धांतही खेळला जातो आणि ताई-ची हा वुशूचाच एक प्रकार आहे. त्यामुळे जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात किंवा शाळेच्या क्रीडा शिक्षकांकडे चौकशी करून सुरुवात करावी. मात्र वुशूच्या वर्गांत बहुतेक भर लढतीवर असतो. म्हणून 'बुजुर्गांसाठी संथ प्रकार येतो का?' हे आधीच विचारून घ्यावे. फिजिओथेरपिस्टकडूनही आपले गुडघे तपासून घेता येतात.

व्हिडिओवरून शिकताना 24 हालचाली एकदम पाठ करायला जाऊ नका. वर्गात आमचा रोजचा अनुभव हाच आहे, की मुलाला एक ओळ नीट येऊ द्यावी, मग दुसरी द्यावी. इथेही आठवड्याला एक हालचाल पुरे. घरातला शिकलेला मुलगा किंवा नात व्हिडिओ थांबवून-थांबवून दाखवेल, दादा-दादी करतील. दोघांचाही वेळ चांगला जातो.

घरी सुरुवात: सहा पायऱ्या

जागा सपाट आणि कोरडी हवी. घसरणारी सतरंजी नको. बाजूला पक्की, न हलणारी खुर्ची किंवा भिंत हवी. पायांत सपाट बूट, नाहीतर अनवाणी. सपाता नकोत. कपडे सैल असले म्हणजे झाले.

1. *उभे राहणे.* पाय खांद्याएवढे दूर, पंजे सरळ समोर. गुडघे किंचित सैल. खांदे खाली सोडा, हनुवटी जरा आत. नाकाने आरामात श्वास. एक-दोन मिनिटे. सोपे वाटते, पण अर्धा सराव हाच आहे.

2. *वजन बदलणे.* हळूहळू सगळे वजन उजव्या पायावर न्या, मनात चार मोजा. मग डावीकडे. दोन्हीकडे आठ-आठ वेळा. गरज वाटली तर खुर्चीची पाठ धरा. त्यात लाज कसली!

3. *हात उचलणे.* श्वास घेत दोन्ही हात समोरून खांद्यापर्यंत वर आणा, मनगटे सैल. श्वास सोडत कोपरे खाली घेत हात पोटापर्यंत खाली आणा, सोबत गुडघे अगदी थोडे वाकवा. सहा वेळा.

4. *रिकामे पाऊल.* वजन पूर्ण डाव्या पायावर. उजवा पाय उचलून पुढे टाच टेकवा, पण लगेच वजन देऊ नका. जमीन पक्की वाटली की मगच पंजा टेकवून वजन पुढे न्या. मांजर चालते तसे. भिंतीच्या कडेने आठ-दहा पावले. ओल्या मोरीत हीच सवय जीव वाचवते.

5. *ढगांसारखे हात.* उजवा हात चेहऱ्यासमोर, डावा बेंबीसमोर, तळवे आपल्याकडे. कंबर हळूहळू उजवीकडे वळवा, वजन उजव्या पायावर जाऊ द्या. हात कंबरेसोबत जातील, वेगळे ओढू नका. टोकाला गेल्यावर उजवा हात खाली, डावा वर, आणि डावीकडे वळा. गुडघे पंजांच्या दिशेतच राहू द्या, ते पिळले जाऊ नयेत. दोन्हीकडे सहा-सहा वेळा.

6. *समारोप.* हात खाली, पाय जवळ, एक मिनिट शांत उभे राहा. एकदम जाऊन बसू नका.

एवढे करायला पंधरा मिनिटे लागतात. आठवड्यातून पाच दिवस, असे तीन महिने केल्यावर फरक तपासा. वरच्या अभ्यासांतही फायदा आठवड्यांनी आणि महिन्यांनीच दिसला, चार दिवसांत नाही.

तपासायची सोपी रीत: भिंतीजवळ, शेजारी कुणाला उभे करून, एका पायावर किती सेकंद उभे राहता येते ते मोजा. पहिल्या दिवशी आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवा, नंतर दर महिन्याला लिहा. दहा सेकंद जमणे ही चांगली खूण. ब्राझीलमध्ये 51 ते 75 वयाच्या 1,702 लोकांची अशी चाचणी घेतली, तेव्हा पाचातल्या एकाला दहा सेकंद जमले नव्हते. तेव्हा जमले नाही म्हणून घाबरू नका, सुरुवात करा.

वेळ, उन्हाळा आणि रमजान

फजरनंतरची वेळ सर्वांत चांगली. हवा थंड, गच्ची मोकळी, मन हलके. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा ऊन चढल्यावर बाहेर करू नये, घरातच करावे. रोजात असताना मगरिबच्या आधी दमवणारा सराव टाळा. इफ्तारनंतर तासाभराने हलका सराव ठीक. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी रमजानच्या आधीच डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

महिलांसाठी ही कसरत फार सोयीची आहे. मैदान नको, मशीन नको, पर्दा सुटत नाही, स्वयंपाकघर आणि खाट यांच्यामधली जागा पुरते. चार-पाच शेजारणी दुपारी एकत्र आल्या, एकीने मोजले, बाकींनी केले, तर नेमही टिकतो. आपल्या घरांत औरतें स्वतःच्या दुखण्याबद्दल सर्वांत शेवटी बोलतात. पंधरा मिनिटे त्यांची स्वतःची असावीत, आणि घरातल्या माणसांनी त्या वेळात चहा मागू नये, एवढी विनंती.

खबरदारी

- नुकतेच ऑपरेशन झाले असेल, हाड मोडले असेल, चक्कर येत असेल, हाडे फार ठिसूळ असल्याचे सांगितले असेल, हृदयविकार असेल किंवा गरोदरपण असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.
- गुडघे खोल वाकवू नका. गुडघा पायाच्या बोटांच्या पुढे जाता कामा नये.
- स्नायू थोडे आंबणे चालते. सांध्यात टोचणारी कळ आली तर थांबा.
- छातीत दुखले, धाप लागली, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच बसा आणि दवाखाना गाठा.
- उभे राहताच येत नसेल तर खुर्चीवर बसून वरच्या हातांच्या हालचाली करा. त्याचाही उपयोग होतो.
- 'तीन दिवसांत मास्टर' असले सर्टिफिकेट विकणाऱ्यांना पैसे देऊ नका.

आणि एकटी कसरत पुरत नाही. मोरीत पकडायला एक दांडा बसवा, वुजूच्या जागी खरखरीत फरशी किंवा रबरी पट्टी टाका, रात्री संडासाच्या वाटेवर छोटा दिवा ठेवा, डोळ्यांचा नंबर वेळेवर तपासून घ्या. मशिदींच्या कमिट्यांनीही वुजूखान्यात धरायला एक कठडा बसवला तर किती बुजुर्गांची दुआ मिळेल!

शेवटी

मागच्या सफमधल्या खुर्च्यांवर बसलेल्यांची नमाज कमी प्रतीची, असे कुणीही समजू नये. शरीअतने माजूर माणसाला ती सवलत दिली आहे आणि ती अल्लाहची रहमत आहे. पण ज्यांचे पाय अजून साथ देत आहेत, त्यांनी ते सांभाळावेत. चाळिशी-पन्नाशीतल्यांनी तर आजच सुरू करावे, कारण तोल जाऊ लागतो तो कळण्याच्या आधीच.

उद्या फजरनंतर अब्बांना किंवा अम्मींना गच्चीवर घेऊन या. खुर्ची शेजारी ठेवा. फक्त पहिल्या दोन पायऱ्या करा: उभे राहणे आणि वजन बदलणे. तुम्हीही त्यांच्यासोबत करा, नुसते बघत उभे राहू नका. बाकीच्या चार पायऱ्या इन्शाअल्लाह महिनाभरात येतील.